लीनता कोणी, कोणापुढे: ख्रिस्ती विचारातील गर्वाची मीमांसा

ख्रिस्ती नीतिविचारात गर्वाला पापांच्या यादीत पहिले स्थान आहे. कित्येक जुन्या मांडण्यांत तर तो यादीतून बाहेर काढून सर्व पापांचा उगम म्हणून वेगळा ठेवलेला आढळतो. खादाडपणा, लोभ, कामवासना, क्रोध यांत माणूस एखाद्या वस्तूच्या किंवा विकाराच्या आहारी जातो. गर्वात तो देवाच्या आसनावर बसू पाहतो. म्हणूनच लीनता हा सर्व सद्गुणांचा पाया मानला गेला. एवढ्यावर बहुतेकांचे एकमत आहे, पण यातून निघणारे प्रश्न सोपे नाहीत. लीनता म्हणजे स्वतःला कमी लेखणे असेल, तर जगाने ज्याला आधीच कमी लेखले आहे त्याने आणखी काय करायचे? ती आज्ञापालन असेल, तर आज्ञा देणाऱ्याच्या गर्वाला आवर कोणी घालायचा? ख्रिस्ती परंपरेतल्या थोर विचारवंतांनी या प्रश्नांचा जो विचार केला, त्यातून एक सूत्र हाती लागते. लीनता म्हणजे देवापुढे स्वतःविषयीचे सत्य मान्य करणे. ही अपेक्षा ज्याने त्याने आधी स्वतःकडून करायची असते. बलवानाने दुर्बळाकडे तिची मागणी केली, की ती गर्वाचेच हत्यार होते.

पवित्र शास्त्रातील गर्विष्ठ आणि नम्र

जुन्या करारात गर्विष्ठ म्हणून ज्यांची चित्रे ठळकपणे येतात, त्यांत राजांचा भरणा मोठा आहे. मिसरचा फारो इस्राएलाच्या देवाला ओळखत नाही आणि गुलामांना सोडत नाही. बाबेलचा नबुखद्नेस्सर राजवाड्याच्या गच्चीवर फिरताना हे सारे वैभव आपल्याच सामर्थ्याने उभे राहिले असे म्हणतो, आणि दानीएलाच्या चौथ्या अध्यायात बुद्धी गमावून गुरांसारखा गवत खाऊ लागतो. यहूदाचा राजा उज्जीया बलाढ्य झाल्यावर याजकांचा अधिकार डावलून मंदिरात धूप जाळायला जातो, तेव्हा त्याच्या कपाळावर कोड उठते. यशयाच्या चौदाव्या अध्यायात आकाशात चढून परात्पराच्या बरोबरीला बसू पाहणारा आणि खाली कोसळणारा तारा हाही मुळात बाबेलचा राजाच आहे. पुढे ऑरिजेनसारख्या आरंभीच्या भाष्यकारांनी हा उतारा सैतानाच्या पतनाला लावला आणि गर्वाने पडलेला देवदूत ख्रिस्ती कल्पनाविश्वात कायमचा रुजला. त्यामुळे गर्वाला विश्वव्यापी अर्थ मिळाला. मात्र उताऱ्याचा सत्तेवरचा मूळ रोख थोडा मागे पडला.

नम्रतेचा नमुना म्हणून गणनेच्या बाराव्या अध्यायात मोशेचे नाव येते. पृथ्वीवर त्याच्याइतका नम्र कोणी नव्हता, असे तेथे सांगितले आहे. हाच मोशे फारोच्या दरबारात उभा राहून गुलामांच्या सुटकेची मागणी करतो. त्याची नम्रता दिसते ती स्वतःवर टीका होते तेव्हा. मिर्याम आणि अहरोन त्याच्या अधिकारावर बोट ठेवतात. तो स्वतःची बाजू मांडत नाही आणि मिर्यामला कोड उठल्यावर तिच्यासाठी देवाकडे रदबदली करतो. दुसऱ्यासाठी ताठ उभे राहणे आणि स्वतःसाठी न भांडणे या दोन गोष्टी येथे एकाच माणसात नांदतात.

नव्या करारात हा रोख अधिक तीव्र होतो. मरियेच्या गीतात अधिपती आसनांवरून खाली खेचले जातात आणि दीन उंचावले जातात. जब्दीचे पुत्र याकोब आणि योहान येशूच्या राज्यात उजवी-डावी जागा मागतात, तेव्हा येशू परराष्ट्रांच्या सत्ताधीशांचे उदाहरण देऊन शिष्यांमध्ये तसे चालणार नाही असे बजावतो: ज्याला पहिले व्हायचे त्याने सर्वांचा दास व्हावे. शेवटच्या भोजनाच्या रात्री तो शिष्यांचे पाय धुतो. ते काम त्या काळी घरातल्या गुलामाचे होते. म्हणूनच पेत्र संकोचतो. या सर्व प्रसंगांत वाकण्याची सुरुवात वरच्याकडून होते.

याचे सर्वांत सघन रूप पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सापडते. फिलिप्पै ही रोमन वसाहत होती. तेथे निवृत्त सैनिक वसवलेले होते आणि नागरिकत्व, पद, मानसन्मान यांचे मोल मोठे होते. अशा नगरातल्या मंडळीपुढे पौल देवाच्या स्वरूपात असलेल्या ख्रिस्ताचे चित्र ठेवतो. तो स्वतःला रिक्त करतो, दासाचे रूप घेतो आणि गुलामांना व बंडखोरांना दिल्या जाणाऱ्या वधस्तंभावरच्या मरणापर्यंत आज्ञाधारक राहतो. ग्रीक-रोमन जगात खालच्या पायरीवर असणे हे लाजिरवाणे होते. ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रातला थोर पुरुष आपण मोठ्या सन्मानाला पात्र आहोत हे जाणतो आणि तो सन्मान योग्य माणसांकडून स्वीकारतो. पौलाने या कल्पनेला उलटा आदर्श दिला. मात्र त्या आदर्शातला नायक मुळात दुर्बळ नाही, हे विसरता येत नाही. जो वर आहे तो स्वेच्छेने खाली उतरतो, आणि ख्रिस्ती लीनतेचा उगम या उतरण्यात आहे.

लूककृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातला परूशी आणि जकातदार यांचा दाखला गर्वाची आणखी एक बाजू उघड करतो. परूशी खोटे बोलत नाही. तो आठवड्यातून दोनदा उपास करतो, उत्पन्नाचा दशमांश देतो, आणि या सगळ्याबद्दल देवाचे आभारही मानतो. त्याची प्रार्थना नासते ती दूर उभ्या असलेल्या जकातदाराकडे नजर गेल्यामुळे. त्याला चांगले असणे पुरत नाही. दुसऱ्याहून चांगले असणे हवे असते. विसाव्या शतकात सी. एस. लुईस यांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मिअर ख्रिश्चॅनिटी’ या ग्रंथात गर्वाचे मर्म स्पर्धेत आहे असे प्रतिपादन केले. संपत्ती, बुद्धी, रूप यांचा आनंद हा गर्व नव्हे. इतरांपेक्षा जास्त असल्याचा आनंद हा गर्व, हे त्यांचे विवेचन या दाखल्याशी तंतोतंत जुळते.

ऑगस्टीन: मिळालेले आणि मिळवलेले

गर्वाची सखोल तात्त्विक मांडणी हिप्पोचा बिशप ऑगस्टीन (३५४–४३०) याने केली. ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या चौदाव्या खंडात तो म्हणतो की आदामाचे पाप फळ खाण्याने सुरू झाले नाही. हात पुढे होण्याआधीच इच्छा बिघडली होती. माणसाने देवाला सोडून स्वतःलाच आपला आधार मानले, आणि उघड कृती त्या अंतर्गत पतनाचा परिणाम होती. गर्व म्हणजे खोट्या उंचीची हाव, आणि ज्याच्यामुळे आपण आहोत त्यापासून तुटल्यामुळे ही उंची माणसाला प्रत्यक्षात लहानच करते, असा त्याचा युक्तिवाद आहे.

ऑगस्टीनला हे केवळ ग्रंथांतून उमगले नव्हते. ‘कबुलीजबाब’मध्ये तो सांगतो की प्लेटोच्या परंपरेतल्या पुस्तकांत त्याला देवाच्या शाश्वत शब्दाची चाहूल लागली, पण तो शब्द देही होऊन नम्र झाला ही गोष्ट तेथे मिळाली नाही. ध्येय दिसले, पण वाट दिसली नाही. त्याच ग्रंथात मारियुस व्हिक्टोरिनुस या रोममधील नामवंत वक्तृत्वाचार्याची कथा येते. तो मनाने ख्रिस्ती झाला होता, पण प्रतिष्ठित मित्रांच्या भीतीने चर्चमध्ये जात नव्हता. भिंतींनी माणूस ख्रिस्ती होतो का, असे विचारून विषय टाळत होता. शेवटी त्याला खाजगीत विश्वास कबूल करण्याची सवलत देऊ करण्यात आली, तेव्हा त्याने ती नाकारली आणि सर्व मंडळीसमोर कबुली दिली. विद्वानाचा गर्व अज्ञानाइतकाच आडवा येतो, हे ऑगस्टीनने या कथेतून दाखवले.

पेलागियुसशी झालेल्या वादाच्या मुळाशी हाच प्रश्न होता. पेलागियुसच्या मते देवाने माणसाला चांगले वागण्याची शक्ती दिली आहे आणि प्रयत्नाने तो आज्ञा पाळू शकतो. ऑगस्टीनला यात धार्मिक गर्वाचे बीज दिसले, कारण मग सद्गुणी माणूस स्वतःच्या सद्गुणाचे श्रेय स्वतःला देऊ शकतो. ४१८ मध्ये कार्थेजच्या परिषदेने पेलागियुसच्या मताचा निषेध केला. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौलाने विचारलेला प्रश्न, म्हणजे तुझ्याजवळ जे आहे ते तुला मिळालेलेच असेल तर बढाई कसली, हा ऑगस्टीनच्या कृपाविचाराचा कणा आहे. या दृष्टीने लीनता म्हणजे मिळालेल्या गोष्टीला मिळालेली म्हणणे. त्यासाठी आपल्याजवळ काही नाही असे सोंग आणावे लागत नाही.

मठांतील शोध: गर्वाची वेषांतरे

ऑगस्टीनच्याच काळात इजिप्तच्या वाळवंटात एकांतवास करणारे साधक मनाच्या हालचाली टिपत होते. इव्हाग्रियुस (मृत्यू ३९९) याने साधकाला सतावणाऱ्या आठ विचारांची यादी केली. तिची सुरुवात खादाडपणाने होते, आणि कीर्तीची हाव व गर्व हे शेवटचे दोन येतात. हा क्रम अनुभवातून आलेला आहे. पोटाची भूक नवशिक्याला छळते. गर्व छळतो तो बरीच वाट चालून गेलेल्याला. त्याच परंपरेत शिकून पुढे मार्सेय येथे मठ स्थापणाऱ्या जॉन कॅसियनने एक विलक्षण निरीक्षण नोंदवले. इतर दुर्गुण हरले की दुबळे होतात, पण कीर्तीची हाव पराभवातूनच बळ घेते. साधे कपडे घातले तर साधेपणाचा अभिमान वाटतो, मौन पाळले तर मौनाचा, आणि अभिमान जिंकला तर त्या विजयाचा.

पोप ग्रेगरी पहिला (कारकीर्द ५९०–६०४) याने ईयोबाच्या पुस्तकावरच्या भाष्यात गर्वाला सर्व दुर्गुणांची राणी म्हटले आणि त्याचे चार प्रकार सांगितले. आपल्याजवळचे चांगले आपल्यापासूनच आले असे मानणे हा पहिला. ते देवाकडून आले हे मान्य करूनही आपल्या योग्यतेमुळे मिळाले असे मानणे हा दुसरा. जे नाही त्याची बढाई मारणे हा तिसरा. जे आहे ते फक्त आपल्याचपाशी आहे असे भासवून इतरांना तुच्छ लेखणे हा चौथा. यांतला दुसरा प्रकार विशेष धोक्याचा आहे, कारण त्याच्या तोंडी देवाचे नाव असते. ग्रेगरीने सत्तेच्या संदर्भातही हा विचार लावून पाहिला. कॉन्स्टँटिनोपलचा कुलगुरू जॉन याने विश्वव्यापी ही पदवी वापरली, तेव्हा ग्रेगरीने कडक आक्षेप घेतला आणि स्वतःसाठी देवाच्या सेवकांचा सेवक हे बिरुद वापरले. ते बिरुद पोपच्या अधिकृत पत्रांत आजही टिकून आहे. पुढच्या शतकांत हे बिरुद लावणाऱ्या काही पोपांनी राजांनाही पायाशी वाकवले, यावरून बिरुदाने लीनता येत नाही हेही सिद्ध झाले.

सहाव्या शतकात बेनेडिक्टच्या मठनियमाच्या सातव्या अध्यायाने लीनतेच्या बारा पायऱ्या सांगितल्या. देवाच्या सतत सान्निध्याची जाणीव ही पहिली. स्वतःच्या इच्छेचा हट्ट सोडणे, वरिष्ठांची आज्ञा पाळणे, मनातले दोष मठाधिपतीपुढे उघड करणे, कमी बोलणे या पुढच्या पायऱ्यांपैकी काही. देहबोलीतली नम्रता सर्वांत शेवटी येते. खाली घातलेली मान ही साधनेची सुरुवात नव्हे, तिचे फळ आहे, असा या क्रमाचा अर्थ होतो. बाराव्या शतकात क्लेरव्होच्या बर्नार्डने याच शिडीची उलटी बाजू लिहिली. गर्वाच्या बारा पायऱ्या त्याच्या मते दुसऱ्यांच्या गोष्टींत डोकावणाऱ्या कुतूहलापासून सुरू होतात आणि पापाच्या सवयीपर्यंत उतरतात. मध्ये एक पायरी ढोंगी कबुलीची आहे. दोष दाखवला की काही जण तो अतिशयोक्तीने मान्य करतात, स्वतःला महापापी म्हणवतात, म्हणजे ऐकणाऱ्याचा विश्वासच बसू नये. स्वतःहून म्हटलेले ‘मी पापी’ आणि दुसऱ्याने दाखवलेला एक नेमका दोष मान्य करणे, यांतले अंतर बर्नार्डने बरोबर ओळखले होते. पौलानेही कलस्सैकरांस लिहिताना देहाला कष्ट देणाऱ्या आणि स्वतःहून अंगीकारलेल्या नम्रतेच्या देखाव्याविषयी सावध केले होते.

थॉमस आणि तेरेसा: सत्य आणि धैर्य

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस याने दोन परंपरा जुळवल्या. ॲरिस्टॉटलचे मनाचे मोठेपण आणि शुभवर्तमानातली लीनता या एकमेकींच्या शत्रू आहेत असे वरकरणी वाटते. थॉमसच्या मते दोन्ही एकाच महत्त्वाकांक्षेला दोन बाजूंनी शिस्त लावतात. लीनता मनाला आपल्या आवाक्याबाहेरच्या मोठेपणामागे धावण्यापासून आवरते. मनाचे मोठेपण त्याला निराशेपासून वाचवून योग्य अशा मोठ्या कार्याकडे नेते. म्हणून ‘सुम्मा थिओलॉजिए’त गर्वाबरोबर मनाचा कोतेपणाही पाप ठरतो. धन्याने दिलेला पैसा भीतीने जमिनीत पुरून ठेवणारा दाखल्यातला चाकर हे त्याचे उदाहरण.

प्रत्येकाने स्वतःला सर्वांहून हीन मानावे का, या प्रश्नाला थॉमसने दिलेले उत्तर तर अधिकच नेमके आहे. माणसाजवळ दोन गोष्टी असतात: देवाकडून आलेले दान आणि स्वतःच्या वाट्याची उणीव. आपली उणीव शेजाऱ्यातल्या देवाच्या दानापुढे ठेवली तर नम्र होण्याला कारण आहे. पण आपल्यातले देवाचे दान शेजाऱ्याच्या दानापेक्षा कमी आहे, असे मुद्दाम समजण्याची गरज नाही. गवयाने आपल्याला गाता येत नाही असे म्हणणे ही या हिशेबाने नम्रता ठरत नाही. ते असत्य ठरते आणि देणाऱ्याचा अवमानही.

सोळाव्या शतकात अविलाची संत तेरेसा हाच विचार अनुभवाच्या भाषेत मांडते. १५७७ मध्ये लिहिलेल्या ‘अंतर्यामीचा किल्ला’ या अर्थाच्या ग्रंथात ती लीनतेला सत्यात चालणे म्हणते. तिच्या आत्मचरित्रात खोट्या लीनतेचा धोका येतो. आपण इतके अयोग्य आहोत की देवाशी जवळीक साधण्याचा आपल्याला अधिकार नाही, असे वाटून तिने एकेकाळी अंतरंग प्रार्थनाच सोडली होती. पुढे तिला हा सैतानाचा मोठा फास वाटला, कारण त्यात नम्रतेच्या नावाने देवापासून दूर राहणे होते. याच तेरेसाने १५६२ पासून कार्मेल संप्रदायाच्या सुधारणेसाठी सतरा मठ स्थापले, विरोध सोसला, पैसा उभा केला, अधिकाऱ्यांशी घासाघीस केली. स्वतःविषयी वास्तव जाणणारे मन मोठे काम करायला मोकळे होते, हे थॉमसचे म्हणणे तिच्या आयुष्यात दिसते.

ल्यूथर: लीनतेचे भांडवल

मार्टिन ल्यूथर मठातच घडला होता, आणि मठातल्या लीनतेवरची त्याची टीका आतल्या माणसाची होती. १५१८ च्या हायडेलबर्ग येथील वादसभेत त्याने मांडले की माणूस स्वतःच्या कर्मांवर भिस्त ठेवतो तोवर त्याची उत्तम कर्मेही त्याला गर्वात अडकवतात. १५२१ मध्ये मरियेच्या गीतावर लिहिताना त्याने आणखी पुढचे पाऊल टाकले. देवाने मरियेची लीनता पाहून तिला बक्षीस दिले, हे वाचन त्याने नाकारले. देवाने तिची दीन स्थिती पाहिली; एक साधी, कोणाच्या खिजगणतीत नसलेली मुलगी. खरी लीनता स्वतःला लीन म्हणून ओळखतच नाही. ती ओळखू लागली की तिचा गर्व होतो, असे त्याचे मत होते.

या मांडणीने एका जुन्या सापळ्याला बगल दिली. लीनता मोजता येणारे पुण्य ठरली, तर तिच्या पायऱ्या चढणारा मागे राहिलेल्यांकडे पाहू लागतो आणि परूशी पुन्हा मंदिरात उभा राहतो. पण याच मांडणीतून नवा सापळाही निघाला. केवळ कृपेवर भिस्त ठेवण्याचा दावा हेच कित्येकांच्या श्रेष्ठत्वाचे लक्षण झाले. अमेरिकेतील धर्मजागृतीचा साक्षीदार जोनाथन एडवर्ड्‌स याने १७४६ च्या ‘रिलिजस अफेक्शन्स’ या ग्रंथात आध्यात्मिक गर्वाची चिकित्सा केली, ती याच धार्मिक वातावरणात. आपला अनुभव इतरांहून खोल आहे असे ज्याला सहज वाटते, त्याने आपल्या अनुभवाविषयीच शंका घ्यावी, असा त्याच्या विवेचनाचा रोख आहे.

आक्षेप: ही दुर्बळांची नीती आहे काय?

आधुनिक काळात लीनतेवर बाहेरून हल्ला झाला. डेव्हिड ह्यूमने १७५१ मध्ये लीनतेला उपास, ब्रह्मचर्य, मौन यांच्या रांगेत बसवून मठवासी सद्गुण ठरवले: समाजाला निरुपयोगी आणि स्वभावाला आंबट करणारे. नीत्शेने १८८७ च्या ‘नीतीच्या वंशावळी’त आरोप अधिक धारदार केला. सूड घेण्याची ताकद नसलेल्यांनी आपल्या दुबळेपणाला चांगुलपणाचे नाव दिले आणि बलवानांना पापी ठरवले, असे त्याचे म्हणणे.

या आरोपातला खरा भाग ख्रिस्ती परंपरेने स्वतःच आधी ओळखला होता. भ्याडपणाला लीनता म्हणवणे थॉमसने पाप ठरवले, आणि लीनतेआड दडलेली श्रेष्ठत्वाची हाव कॅसियन व बर्नार्ड यांनी उघडी केली. नीत्शेचा नेम चुकतो तो फिलिप्पैकरांच्या पत्रापाशी. तेथे वाकणारा असहाय म्हणून वाकत नाही. सामर्थ्य असूनही ते स्वतःसाठी न वापरणे, ही त्या आदर्शाची अट आहे, आणि तिचे मूळ द्वेषात शोधता येत नाही.

त्याहून गंभीर आक्षेप सोसणाऱ्यांकडून आला. अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामांपुढे जी प्रवचने होत, त्यांत दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावे या वचनांवर भर असे. गुलामीतून निसटलेले फ्रेडरिक डग्लस यांनी १८४५ च्या आत्मकथनाला जोडलेल्या परिशिष्टात या धर्मात आणि ख्रिस्ताच्या धर्मात जमीन-अस्मानाचे अंतर आहे असे निक्षून सांगितले. चाबूक हातात असलेला माणूस सौम्यतेचा उपदेश करत होता, आणि पवित्र शास्त्रातल्या फारोची जागा त्याने घेतली होती.

विसाव्या शतकात राइनहोल्ड नीबूर यांनी १९४१ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘द नेचर अँड डेस्टिनी ऑफ मॅन’मध्ये सत्तेचा, ज्ञानाचा आणि सद्गुणाचा असे गर्वाचे प्रकार करून त्यांच्या टोकाला आध्यात्मिक गर्व ठेवला. राष्ट्रे आणि वर्ग यांच्या सामूहिक गर्वाचे त्यांचे विश्लेषण महायुद्धाच्या काळात फार मोलाचे ठरले. १९६० मध्ये व्हॅलेरी सेव्हिंग यांनी एका निबंधात त्यांच्या मांडणीची मर्यादा दाखवली. गर्व हे मूळ पाप मानणारा विचार मुख्यतः पुरुषांच्या अनुभवावर उभा आहे. लहानपणापासून इतरांसाठी विरघळून जायला शिकवलेल्या स्त्रीचा मोह वेगळा असतो: स्वतःचे केंद्रच हरवणे, आपली ओळख दुसऱ्यांकडून उसनी घेणे. तिला आणखी आत्मत्याग शिकवणे म्हणजे तिच्या दुखण्यालाच खतपाणी घालणे होय. ऑगस्टीनच्या चौकटीतही या आक्षेपाला जागा सापडते. माणसाने देवाऐवजी स्वतःला केंद्र केले तर तो गर्व. देवाऐवजी दुसऱ्या माणसाला केंद्र केले तर तीही एक प्रकारची मूर्तिपूजाच.

पंडिता रमाबाई: सदसद्विवेकाचा प्रश्न

हा पेच मराठी ख्रिस्ती इतिहासात पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) आयुष्यात स्पष्ट दिसतो. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तेथील अँग्लिकन भगिनीसंघातल्या सिस्टर जेराल्डिन त्यांच्या धर्ममाता होत्या. पुढे चेल्टनम लेडीज कॉलेजात असताना रमाबाईंनी तरुण पुरुषांना भारतीय भाषा शिकवाव्यात असा विचार निघाला, तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. देशभर पुरुषांच्या सभांत व्याख्याने दिलेल्या विदुषीला ही बंदी समजणे कठीण होते. शिवाय काही धर्ममतांविषयी त्यांच्या शंका होत्या, आणि भारतीय ख्रिस्ती स्त्रीने वापरायच्या क्रुसावर लॅटिनऐवजी संस्कृत अक्षरे का नसावीत, असेही त्यांनी विचारले.

१९७७ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात हा संघर्ष वाचायला मिळतो. सिस्टर जेराल्डिन यांना रमाबाईंच्या वागण्यात हट्ट आणि अहंमन्यता दिसत होती. चर्चच्या अधिकाराला शरण जाणे ही त्यांच्या दृष्टीने लीनता होती. रमाबाईंची भूमिका अशी की देवाने त्यांनाही सदसद्विवेक आणि विचारशक्ती दिली आहे, आणि ती दुसऱ्याच्या हवाली करता येत नाही. थॉमसच्या निकषाने पाहिले तर रमाबाई देवाचे दान नाकारायला तयार नव्हत्या. त्यांच्याकडे लीनता मागणारी मंडळी मात्र साम्राज्याच्या केंद्रात बसून पराधीन देशातल्या एका विधवेला तिची मर्यादा दाखवत होती.

रमाबाई गर्विष्ठ होत्या का, याचे उत्तर त्यांच्या पुढच्या आयुष्यात मिळते. १९०७ च्या आपल्या साक्षीत त्यांनी मोकळेपणाने लिहिले की बाप्तिस्म्यानंतर बरीच वर्षे त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. बिशपांपुढे न वाकलेल्या स्त्रीने ही कबुली कोणाच्या दबावाविना दिली. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आणलेल्या, आजारी आणि टाकून दिलेल्या मुली-स्त्रियांमध्ये त्या राहिल्या. संस्कृतवर असामान्य प्रभुत्व असताना पवित्र शास्त्राचे भाषांतर त्यांनी बेताचे शिक्षण झालेल्या बायकांना कळेल अशा सोप्या मराठीत केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले. विद्वत्ता न नाकारता ती सर्वांत खालच्या पायरीवरच्या वाचकासाठी वापरणे, हे फिलिप्पैकरांच्या पत्रातल्या आदर्शाचे व्यवहारातले रूप आहे.

व्यवहारातील कसोट्या

या सर्व विवेचनातून ख्रिस्ती जीवनासाठी काही कसोट्या निघतात. पहिली तुलनेची. दुसऱ्याचे यश ऐकून जो आनंद किंवा खंत वाटते, ती गर्वाचे खरे माप देते. स्वतःविषयी बोललेले नम्र शब्द ते देत नाहीत. दुसरी कसोटी दुरुस्तीची. आपण होऊन सर्वसाधारण पापीपणा कबूल करणे सोपे. कनिष्ठाने दाखवलेली एक ठराविक चूक मान्य करून भरपाई करणे अवघड. तिसरी दानाची. आपले गुण नाकारणारा आणि त्यांची मिजास करणारा, दोघेही ते मिळालेले आहेत हे विसरतात. चौथी कसोटी दिशेची. जे सत्तेत आहेत त्यांच्यासाठी लीनता म्हणजे अधिकार स्वतःसाठी न वापरणे. ज्यांना दडपले गेले आहे त्यांच्यासाठी ती कित्येकदा मोशेप्रमाणे उभे राहण्यातच असते.

शेवटची कसोटी संस्थेची आहे, आणि चर्चला ती सर्वांत जड गेली. व्यक्तीने गर्व टाकावा असे शिकवणारी मंडळी आपला गर्व संस्थेच्या नावाने जपू शकते. धर्मगुरूंकडून झालेल्या लैंगिक अत्याचारांची प्रकरणे अनेक देशांत दडपली गेली, त्यामागे संस्थेची अब्रू राखण्याचा हेतू मोठा होता. पीडितांना क्षमा आणि मौन शिकवले गेले. याउलट १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये चर्चच्या मुलांनी इतिहासात केलेल्या पापांबद्दल जाहीरपणे देवाची क्षमा मागितली. ते पाऊल महत्त्वाचे होते, तरी बर्नार्डची सूचना तेथेही लागू पडते: सरसकट कबुलीला अर्थ येतो तो नेमक्या दोषांची चौकशी आणि भरपाई झाल्यावर. बेनेडिक्टने आपल्या नियमाच्या तिसऱ्या अध्यायात मठाधिपतीला महत्त्वाच्या प्रश्नावर सर्व बांधवांना बोलवायला सांगितले आहे, कारण उत्तम सल्ला देव पुष्कळदा सर्वांत लहानाला सुचवतो. तक्रार ऐकण्याची खात्रीची व्यवस्था, हिशेब तपासण्याची मोकळीक, पदाची ठरलेली मुदत आणि चुकणाऱ्या अधिकाऱ्याला जबाब द्यावा लागणे, या गोष्टी आध्यात्मिक भाषेत क्वचितच मांडल्या जातात. पण संस्थेच्या पातळीवर लीनता प्रत्यक्षात येते ती यांच्याच द्वारे.